जानेवारीतला पंप

दुपारची जेवणं आटोपली आणि घराने अक्काताईंना ओळखायचं सोडलं.

आधी बारीक शिट्टी वाजली. अक्काताई मगदूम पदर सारून कमरेकडे बघायला लागल्या. तिथे पट्ट्यात काडेपेटीएवढा इन्सुलिनचा पंप होता.

"पावणं, ह्येचं काय बिघडलं बघा की. जेवण झाल्या झाल्या माझ्यावरच गुरकायला लागलाय."

पावणं म्हणजे त्यांचा जावई, अभिनंदन चौगुले. तो ताटं गोळा करत होता. हात पुसून त्याने पंपाच्या पडद्यावरची ओळ वाचली. 'घराच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. पंप किमान मात्रेवर.'

खरं तर वाचायची गरज नव्हती. हा दिवस येणार हे त्याला ठाऊक होतं. मे महिना लागल्यापासून तो या दिवसाकडे पाठ फिरवून बसला होता.

"काही नाही, अक्का. भिंतीवरची पेटी जरा रुसलीय. बघतो."

"अख्ख्या जिल्ह्याच्या पेट्या दुरुस्त करत हिंडता, आणि घरचीच रुसती व्हय?"

तो हसला नाही. हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवून बाहेरच्या खोलीत गेला, परत आला, पुन्हा गेला.

अभिनंदनचं पोट याच कामावर चालत होतं. मिरजेच्या आसपासचे साखर कारखाने, दूध संघ, पाणीयोजना, कुठेही दोन यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झाली की त्याला फोन यायचा. काही वर्षांपूर्वी आवाज, चेहरा, पासवर्ड, सगळ्याचीच हुबेहूब नक्कल करता यायला लागली होती. पोराच्या आवाजात फोन यायचा आणि आईबाप फसायचे. शेवटी यंत्रांनी माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचंच बंद केलं. आता प्रत्येक यंत्राच्या पोटात एक गुप्त किल्ली असायची. ती कधीच बाहेर यायची नाही. बाहेर दाखवायचं ते प्रमाणपत्र. मी अमुक, माझी हमी तमुकने घेतली आहे, ही हमी या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. समोरचं यंत्रही आपलं प्रमाणपत्र दाखवायचं. दोन्हीकडून खात्री पटली तरच बोलणं सुरू.

घरातल्या यंत्रांची हमी घ्यायची घराच्या प्रमुखाने. आणि रेशनकार्डासारखंच इथेही प्रमुख म्हणून घरातल्या बाईचं नाव लावायची पद्धत पडली होती. चौगुल्यांच्या घरात ते नाव होतं त्रिशलाचं. दार, वीजमीटर, फ्रिज, पाण्याची मोटर आणि तिच्या आईचा पंप, सगळे तिच्या हमीवर उभे होते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, घरातली सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या भिंतीवरच्या पेटीसमोर उभं राहून अंगठा आणि चेहरा द्यायचा, की पुढच्या वर्षाची काळजी मिटली.

त्रिशला फेब्रुवारीत गेली. शाळेत फळ्यासमोर उभी असताना डोक्यातली शीर फुटली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

नगरपालिकेतून मृत्यूची बातमी पेटीकडे आली होती. पेटीने नियमाप्रमाणे घरच्यांना विचारलं, 'कुटुंबप्रमुखांचे निधन झाले आहे का?' खाली दोन बटणं होती, 'होय' आणि 'नंतर'. अभिनंदनने 'नंतर' दाबलं. पेटी दर आठवड्याला विचारायची. तो दर आठवड्याला 'नंतर' दाबायचा. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर त्याने त्याला चार शब्द सुनावले असते.

'होय' दाबायला बोट धजत नव्हतं, हे एक. पण दुसरंही कारण होतं. पेटीच्या हिशेबी जावई आणि सासू यांना जोडणारा दुवा म्हणजे मुलगी. मधला दुवा निघाला की या टोकाचा त्या टोकाशी संबंध राहत नाही. अक्काताईंच्या पंपाला मग रक्ताच्या नात्याचा हमीदार लागणार होता. असा एकच माणूस होता, जयसिंगपूरचा त्यांचा भाचा सन्मती पाटील. आणि पंप ज्याच्या हमीवर, त्याच्याच घरी माणसाने राहायचं, असा नियम होता.

आणखी एक वाटही होती. तिला शेजारहमी म्हणत. रक्ताचं नातं नसलं तरी दोन वेगळी घरं एकमेकांची हमी घेऊ शकत. एकाच विहिरीवर दोन कारखान्यांच्या मोटरी असल्या की अभिनंदन हेच करून द्यायचा. पण त्यासाठी अक्काताईंनी पेटीसमोर स्वतःच्या अंगठ्याने सांगायला हवं होतं, की मला इथेच राहायचं आहे. म्हणजे त्याने आधी त्यांना विचारायला हवं होतं. मुलगी नाही, आता तुम्हाला माझ्याकडे राहायचं आहे का?

त्या नाही म्हणाल्या तर?

तो भिंतीजवळ गेला आणि पेटीचं झाकण उघडलं.

उपाय त्याच्या हाताखालून शेकडो वेळा गेला होता. प्रमाणपत्र चालेना, तर आधी घड्याळ बघायचं. यंत्राचं घड्याळ मागेपुढे असलं तर चांगलं प्रमाणपत्रही मुदतबाह्य दिसतं. मग उलटंही होतं. घड्याळ मागे नेलं, की मेलेलं प्रमाणपत्र उठून बसतं. बाहेरची लाइन तेवढी काढायची, नाहीतर पेटी खरी वेळ विचारून येते. लाइन नसली तर आठवडाभर पेटीच पंप सांभाळते. नेट जाण्याच्या दिवसांसाठी ती सोय केलेली असते.

त्याने लाइन काढली. तारखेच्या चाकावर बोट ठेवलं.

कालची तारीख पुरली असती. प्रमाणपत्र कालपर्यंत धडधाकट होतं. पण बोट थांबलं नाही. एप्रिल गेला, मार्च गेला. फेब्रुवारीवरून बोट भराभर मागे सरकलं आणि जानेवारीत, संक्रांतीच्या अलीकडच्या एका दिवसावर येऊन थांबलं. तास-मिनिटं मात्र त्याने हातावरच्या घड्याळाशी काटेकोर जुळवली, कारण पंप तारीख-वेळ पेटीकडूनच घेतो आणि त्याचे डोस वेळेनुसार चालतात. तेवढं भान त्याला होतं.

पंप शिट्टी घालायचा थांबला. पडद्यावर हिरवं चिन्ह आलं. आणि पेटी त्या दिवसासाठी नोंदवलेली आठवण वाचायला लागली.

"आज त्रिशलाताईंच्या शाळेत पालकसभा. घरी यायला उशीर होईल. भाजी चिरून ठेवावी."

अभिनंदनने हात भिंतीला टेकवला. आवाज पेटीचा होता, शब्द त्रिशलाचे. भाजी चिरून ठेवावी. तो स्वयंपाकघरात गेला आणि खरंच फ्रिजमधून गवारी काढून मोडत बसला.

"कुणासाठी एवढी?" अक्काताईंनी दारातून विचारलं.

"असू दे. सकाळी होईल."

अक्काताई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. पेटीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पंपाचं हिरवं चिन्ह बघून त्यांनी पदर सारखा केला.

ऊन कलल्यावर त्या नेहमीप्रमाणे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला निघाल्या. दिवस मावळल्यावर त्या अन्नपाणी घेत नसत, लग्नाआधीपासूनचा नेम होता. उन्हाळ्यात सूर्य उशिरापर्यंत असतो, म्हणून आधी बस्ती आणि मग घरी येऊन जेवण. हिवाळ्यात उलटं. हे त्यांना घड्याळ सांगत नसे. त्या दारातून पश्चिमेकडे एकदा बघत आणि किती अवकाश आहे ते ठरवत.

त्या गेल्या आणि घर अंगावर आलं. त्याने कामाचा एक फोन घेतला, कुंडलजवळच्या दूध संघाचा. समोरचा माणूस विचारत होता आणि हा येरझाऱ्या घालत उत्तरं देत होता. "घड्याळ बघितलंत का? नाही, प्रमाणपत्र आज चालतं का एवढंच नाही बघायचं. जोडीला कुठली नवी यंत्रं बसवलीत का तेही बघा. प्रमाणपत्राला शेवट असतो तशी सुरुवातही असते."

बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला.

"हॅलो? चौगुलेसाहेब?"

सुरुवात. अक्काताईंच्या दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर दर पंधरवड्याला बदलायचा असतो. आत्ताचा मे महिन्यात बसवलेला. त्याचं प्रमाणपत्र मे महिन्यात सुरू होतं. घड्याळ जानेवारीत नेल्यावर पंपाच्या हिशेबी तो सेन्सर अजून जन्मलाच नव्हता. म्हणजे दुपारपासून पंपाला साखर दिसतच नव्हती. आंधळ्यासारखा तो ठरलेल्या वेळापत्रकाने चालला होता.

आणि वेळापत्रक त्रिशलाने लावलेलं होतं. आई बटण दाबायला विसरते, म्हणून तिने रात्रीच्या जेवणाचा डोस सूर्यास्ताला बांधून टाकला होता. तारखेवरून सूर्यास्त काढायचा, आणि त्याच्या आधी, आई पानावर बसायच्या बेताला डोस द्यायचा. तिला केवढा आनंद झाला होता ते जमल्यावर. अभिनंदनने तास जुळवले, मिनिटं जुळवली. पण जानेवारीत सूर्य लवकर मावळतो. जानेवारीतल्या पंपाने जेवणाचा डोस कधीच देऊन टाकला होता, आणि अक्काताई मे महिन्याच्या उन्हात रिकाम्या पोटी बस्तीत होत्या.

त्याने फोन तसाच टाकला. तेवढ्यात तोच पुन्हा वाजला. बस्तीजवळच राहणाऱ्या सुनंदा उपाध्येंचा होता.

"भाऊ, लवकर या. अक्कांना घाम सुटलाय. आम्हाला वाटलं ऊन लागलं असंल, सावलीत बसवलं. पण आता काहीतरीच बोलाय लागल्यात."

"साखर द्या! साखरेचं पाणी द्या, आत्ताच्या आत्ता!"

"द्यायलोय की! तोंडच उघडंनात!"

स्कूटर त्याने कशी चालवली, कुठल्या बोळातून घातली, ते त्याला नंतर आठवलं नाही. बस्तीच्या ओट्यावर बायांचा घोळका होता. अक्काताई खांबाला टेकून बसल्या होत्या. ब्लाऊज घामाने चिंब, ओठ पांढरे. सुनंदाबाईंच्या हातात पेला होता आणि अक्काताईंचे दात घट्ट मिटलेले.

"अहो अक्का, औषध म्हणून घ्या," सुनंदाबाई म्हणत होत्या. "औषधाला दोष नसतो. महाराज स्वतः सांगतात."

"साखर... औषध व्हय?" अक्काताई दातांमधूनच पुटपुटल्या. "दीस गेला."

अभिनंदन गुडघ्यांवर बसला. त्यांच्या मांडीवरचा हात धरला. हात गार पडला होता.

"अक्का, मी आलोय."

त्यांनी डोळे उघडले. नजर ठरत नव्हती. "पावणं," त्या म्हणाल्या, "दीस मावळला का?"

त्याने वर बघितलं. समोरच्या पाण्याच्या टाकीमागे आकाश तांबडं होतं. सूर्य नव्हता. घोळक्यातली प्रत्येक बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही, अक्का," तो म्हणाला. "अजून आहे. घ्या."

"बघितलासा?"

"बघितलं. टाकीच्या वर आहे. घ्या लवकर, जाईल नाहीतर."

दात सुटले. त्याने पेला लावला. एक घोट, मग दुसरा. सुनंदाबाईंनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

इस्पितळात सलाइन लागलं. वॉर्डातल्या नर्सने पंप काढून हातात घेतला, पडद्यावर बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या.

"काका, हा पंप जानेवारीत आहे."

अक्काताई जाग्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"कुठं हाय?"

"जानेवारीत, आजी. तारीख मागे गेलीय. असं आपोआप होत नाही." नर्सने अभिनंदनकडे बघितलं. "कुणीतरी केलंय."

"मी केलं," अभिनंदन म्हणाला.

नर्सने पंप बंद करून डब्यात ठेवला. उद्यापर्यंत हाताने इंजेक्शन द्या म्हणाली, आणि उद्याच्या उद्या पंपाची नीट सोय लावा, दुसऱ्यांदा असा पेशंट मी घरी सोडणार नाही, असंही म्हणाली. अक्काताई छताकडे बघत पडून राहिल्या. रात्री घरी आल्यावर त्या सरळ पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी सन्मती जयसिंगपूरहून गाडी घेऊनच आला. माणूस वाईट नव्हता. दारातच चपला काढून आत्याच्या पायाशी बसला.

"आत्या, आता चला. माझ्या नावावर पंप लावू. तिथं सून आहे, पोरं आहेत. दाजींना पण किती दिवस त्रास?"

"त्रास मी दिलाय त्यांना," अभिनंदन म्हणाला. तो खिडकीपाशी उभा होता. रात्रभर त्याची पाठ अंथरुणाला लागली नव्हती.

"ते झालं, दाजी. होतं माणसाच्या हातून. पण तुम्ही एवढे त्यातले जाणकार आणि..."

"सन्मती," अक्काताई म्हणाल्या, "च्या पिऊन घे. आत ठेवलाय. आणि जरा आतच बस."

तो गेला. अक्काताई पलंगावर सरळ बसल्या.

"जानेवारीत काय होतं?"

अभिनंदनने जे होतं ते सांगितलं. "पालकसभा होती तिची. भाजी चिरून ठेवायला सांगितलं होतं."

"म्हणून गवारी."

"हो."

"म्या ऐकलं होतं पेटीचं बोलणं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. कुणाला बोलले न्हाई." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही असं का केलासा, पावणं? तुम्हाला ठावं होतं की ही पेटी कशी चालती."

"होय दाबलं असतं तर तुम्हाला सन्मतीकडे जावं लागलं असतं."

"दुसरी वाट न्हाई?"

"आहे. शेजारहमी म्हणतात. तुमचं घर वेगळं, माझं वेगळं, एकाच छपराखाली. मी तुमची हमी घ्यायची, तुम्ही माझी. पण त्याला तुमची मर्जी लागते. तुम्हाला विचारावं लागलं असतं."

"मग विचारायचं."

"भीती वाटली."

अक्काताईंनी मोठा श्वास घेतला. "एवढा बाप्या माणूस, आणि म्हातारीला विचारायला भ्याला. घड्याळ फिरवायला न्हाई भ्याला."

तो खिडकीपासून हलला. पलंगासमोर स्टूल ओढून बसला, त्या घरात कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुठेतरी नीट बसला.

"अक्का, तुम्हाला इथे राहायचंय का?"

"आधी पहिलं काम करा," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

बाहेरची लाइन जोडल्यावर पेटीने खरी तारीख आणली आणि पडद्यावर तोच प्रश्न उभा राहिला. कुटुंबप्रमुखांचे निधन झाले आहे का? अभिनंदनने बोट उचललं. ते हवेतच राहिलं. अक्काताई उठून त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचा हात धरला नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. त्याने 'होय' दाबलं.

पेटीने त्रिशलाचं प्रमाणपत्र रद्द केलं. त्यावर उभं असलेलं एकेक यंत्र गळत गेलं. पंखा थांबला. फ्रिजची घरघर बंद झाली. दाराचं कुलूप खट्कन उघडं पडलं. सन्मती कपबशी घेऊन दारात आला. "काय झालं?" त्याने विचारलं, पण कुणी उत्तर दिलं नाही. बाहेर भंगारवाल्याची हाक ऐकू आली. एवढा वेळ ती ऐकू येत नव्हती.

अभिनंदनने आपल्या नावाचं एक घर लावलं, अक्काताईंच्या नावाचं दुसरं. पत्ता एकच. एकेकाचा अंगठा, एकेकाचा चेहरा. मग पडद्यावर त्याचा फोटो आला. बाजूला अक्काताईंचा. खाली प्रश्न होता. 'या व्यक्तीची हमी तुम्ही घेता का?'

अभिनंदनने अंगठा ठेवला. त्याला विचार करावा लागला नाही.

आता पाळी अक्काताईंची होती. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. त्याच्याकडे बघत होत्या.

"काल बस्तीत," त्या म्हणाल्या, "दीस मावळला होता न्हवं?"

"हो."

"मला शुद्ध नव्हती तरी कळालं. पाणी पिताना डोळ्यावर ऊन नव्हतं." त्या थांबल्या. "साठ वर्सांचा नेम. तुमच्यावर इसवासून तोंड उघडलं."

अभिनंदनने पेटीकडची नजर त्यांच्याकडे वळवली.

"परत खोटं बोलशीला?"

सन्मतीने कपबशी खाली ठेवली. पेटीचा पडदा वाट बघत होता. नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्या कदाचित तेच ऐकायला थांबल्या होत्या.

"तारखेबद्दल खोटं नाही बोलणार," अभिनंदन म्हणाला. "त्रिशलाबद्दल नाही. तुम्हाला विचारायचं ते विचारीन. पण तुमची साखर उतरलेली असली, आणि तुम्ही दिवस मावळला का विचारलंत, तर बोलेन. पुन्हा बोलेन."

अक्काताईंनी अंगठा पदराला पुसला, आणि पडद्यावर ठेवला.